चला शिकूया : ‘पॉइंट जमवता का?’ – जर्मन दुकानात विचारायची वाक्यं



या वेळचा धडा थोडा लांबच्या गावचा आहे. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआय झालेली मुलं यांच्या घरात जर्मन भाषेचा विषय निघायला लागला. कुणाची लेक क्लासला जाते, कुणाची भाची तिकडे पोचलीसुद्धा.

क्लासमध्ये त्यांना नमस्कार-चमत्कार, दवाखान्यातलं बोलणं, व्याकरण हे सगळं शिकवतात. पण तिकडे गेल्यावर दर दोन दिवसांनी ज्या ठिकाणी तोंड उघडावं लागतं, ते म्हणजे किराणा दुकानाचं बिल काउंटर. तिथली बाई किंवा बाप्या भराभर सामान पुढे सरकवतो आणि विचारतो : कार्ड आहे का? पॉइंट जमवता का? ॲप आहे का? मागे रांग उभी असते. नवीन माणूस गोंधळतो आणि कळो न कळो, ‘या, या’ म्हणून मोकळा होतो. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’.

आणि न समजता म्हटलेला ‘हो’ किती महागात पडतो, हे आपल्या गटातल्या बायांना कुणी सांगायला नको. फॉर्मवर सही करायच्या आधी काय लिहिलंय ते वाचून घ्यायचं, व्याज किती ते विचारायचं, पावती घ्यायची, हे आपण बैठकीत शिकलो. तेच शहाणपण जर्मन भाषेत कसं वापरायचं, एवढाच हा धडा. हो म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारायचा. प्रश्न कोणते, ते पाहू.

वाचायचं कसं?

खालची वाक्यं जर्मन आहेत, पण लिहिली आहेत आपल्या अक्षरात. चार गोष्टी लक्षात ठेवा.

‘ऽ’ हे चिन्ह शेवटी दिसलं की त्या अक्षरातला ‘अ’ पूर्ण म्हणायचा, गिळायचा नाही. ‘असतं’, ‘केलं’ म्हणताना शेवटी जसा आवाज येतो तसा.

‘ज़’ म्हणजे ‘जागा’, ‘जहाज’ यातला ज. ‘जेवण’मधला नाही.

‘त्स’ म्हणजे आपला ‘चाक’, ‘चमचा’ यातला च. हा च मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून असतो, त्यामुळे आपल्याला तो वेगळा शिकावा लागत नाही.

‘यू’ आणि ‘यो’ म्हणताना ओठ शिटी वाजवल्यासारखे गोल करायचे. सुरुवातीला जमलं नाही तरी समोरच्याला कळतं.

आणखीही काही गोष्टी आपल्या ओळखीच्या निघतात. जर्मनमध्ये ‘तू’ वेगळा आणि ‘तुम्ही’ वेगळं. ‘डू’ म्हणजे तू, ‘ज़ी’ म्हणजे तुम्ही. दुकानात अनोळखी माणसाला ‘ज़ी’च म्हणायचं. लिंगंही आपल्यासारखीच तीन : तो, ती, ते. आणि आकडे? आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. जर्मन माणूसही ‘फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश’ म्हणतो, म्हणजे ‘पाच आणि वीस’. इंग्रजीत शिकलेली मुलं इथे अडखळतात. मुलीला सांगा, मराठीत विचार कर, आकडा चुकणार नाही.

काउंटरवर काय ऐकू येतं?

‘हाबन ज़ी आइनऽ कुंडन-कार्टऽ?’ – तुमच्याकडे ग्राहक-कार्ड आहे का?
‘कुंडऽ’ म्हणजे गिऱ्हाईक. ‘कार्टऽ’ म्हणजे कार्ड. शब्द ऐकून हसू येईल, पण तिकडे कार्ट्याला कुणी रागवत नाही, खिशात सांभाळून ठेवतात.

‘ज़ामल्न ज़ी पुंक्टऽ?’ – तुम्ही पॉइंट जमवता का?

‘हाबन ज़ी उन्ज़रऽ ॲप?’ – आमचं ॲप आहे का तुमच्याकडे?

‘म्योश्टन ज़ी ट्रॉयऽ-पुंक्टऽ?’ – निष्ठा-पॉइंट हवेत का?
हे बहुतेक वेळा छोटे स्टिकर असतात. ठरावीक रकमेच्या खरेदीमागे एक मिळतो. ते एका पुस्तिकेत चिकटवायचे. पुस्तिका भरली की कढई, सुऱ्या, टॉवेल असं काही सवलतीत मिळतं. सवलतीत, म्हणजे वर थोडे पैसे भरावे लागतात, हे ध्यानात ठेवा.

‘बार ओडर मिट कार्टऽ?’ – रोख की कार्डाने?
इथे नवीन माणूस हमखास फसतो. या वाक्यातलं ‘कार्टऽ’ म्हणजे बँकेचं कार्ड, पैसे भरायचं. पहिल्या वाक्यातलं कार्ड पॉइंटचं. ‘बार’ शब्द ऐकू आला की समजायचं, पैसे कसे देणार ते विचारतायत.

उत्तर काय द्यायचं?

‘नाइन, डांकऽ.’ – नको, धन्यवाद.
हे पूर्ण उत्तर आहे. कारण सांगावं लागत नाही, ओशाळावं लागत नाही. काउंटरवरच्या माणसाला वाईट वाटत नाही, तो दिवसभर शेकडो लोकांना हेच विचारत असतो.

‘या, गेर्नऽ.’ – हो, चालेल.

एक बारीक गोष्ट : कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं ‘डांकऽ’ म्हटलं, तर जर्मन माणूस त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘नको’ असा घेतो. म्हणून हवं असेल तर ‘या, गेर्नऽ’ स्पष्ट म्हणायचं.

‘बिटऽ लांग्ज़ाम. इश लेर्नऽ डॉइच.’ – जरा सावकाश. मी जर्मन शिकतेय.
हे वाक्य सगळ्यात आधी पाठ करा. पहिल्या महिन्यात हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

आता आपण विचारायचं

कार्ड घेण्याआधी :

१. ‘गिब्ट एस हीअर आइनऽ कुंडन-कार्टऽ?’ – इथे ग्राहक-कार्ड मिळतं का?

२. ‘इस्ट डी कार्टऽ कोस्टन-लोस?’ – कार्ड फुकट आहे का?

३. ‘वास बकोमऽ इश डाफ्यूर?’ – त्याबदल्यात मला काय मिळतं?

४. ‘इस्ट डास आइनऽ क्रेडीट-कार्टऽ?’ – हे क्रेडिट कार्ड आहे का?

५. ‘मुस इश एट्वास उंटर-श्राइबन?’ – मला कुठे सही करावी लागेल का?

६. ‘इश यूबर-लेगऽ एस मिअर.’ – मी विचार करून सांगते.

कार्ड घेतल्यावर :

७. ‘वी फीलऽ पुंक्टऽ बकोमऽ इश?’ – मला किती पॉइंट मिळतील?

८. ‘वी फीलऽ पुंक्टऽ हाबऽ इश?’ – माझ्याकडे किती पॉइंट आहेत?

९. ‘इश म्योश्टऽ माइनऽ पुंक्टऽ आइन-ल्योज़न.’ – मला माझे पॉइंट वापरायचे आहेत.

१०. ‘बिस वान गिल्ट डास?’ – हे कधीपर्यंत चालतं?

११. ‘गेट डास आउख ओनऽ ॲप?’ – ॲप नसलं तरी चालेल का?

१२. ‘डेन कासन-बाँग, बिटऽ.’ – पावती द्या.

चौथा प्रश्न का, ते सांगते. काही पॉइंट-कार्डांना क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. आपल्याकडे जसा सिबिल असतो तशी तिकडे ‘शूफा’ नावाची संस्था आहे. कोण उधारी वेळेवर फेडतं, त्याची नोंद तिथे असते. घर भाड्याने घेताना मालक अनेकदा शूफाचा दाखला मागतो. नव्या देशात नव्याने नाव कमवत असताना नको त्या कार्डाच्या उधारीत अडकायला नको, म्हणून हा प्रश्न.

पॉइंटचा हिशेब

जर्मनीत सगळ्यात जास्त चालणारं पॉइंट-कार्ड म्हणजे ‘पेबॅक’. ते २००० साली सुरू झालं. एकच कार्ड वेगवेगळ्या दुकानांत चालतं. साबण-शाम्पू-डायपरचं ‘डीएम’ हे मोठं दुकान त्यात आहे. दुकानं बदलतातही : ‘रेवे’ ही किराण्याची मोठी साखळी २०२४ च्या अखेरीस पेबॅकमधून बाहेर पडली आणि २०२५ पासून ‘एडेका’ आत आली. म्हणून मैत्रिणीने मागच्या वर्षी सांगितलं म्हणून चालणार नाही, पहिला प्रश्न स्वतः विचारायचा.

पेबॅकचा एक पॉइंट म्हणजे एक सेंट. शंभर सेंटचा एक युरो. एडेकामध्ये साधारणपणे दर दोन युरोच्या खरेदीला एक पॉइंट मिळतो. आता वही काढा.

समजा, महिन्याचा किराणा २०० युरोचा झाला.
२०० युरोला मिळाले १०० पॉइंट.
१०० पॉइंट म्हणजे १ युरो.

म्हणजे शेकडा अर्धा टक्का. वर्षभर जमवले तर १२ युरो. हातात आले तर सोडू नयेत, पण त्यांच्यासाठी जास्तीचं सामानही घेऊ नये.

इथे आणखी एक फसगत होते. नवीन गेलेलं लेकरू मनातल्या मनात सगळ्याचे रुपये करतं. एक युरो म्हणजे सध्या शंभर रुपयांच्या आसपास. ‘आई, आज शंभर रुपये सुटले!’ असा फोन येतो. तिला विचारा, त्यासाठी खर्च किती झाला? २०० युरो म्हणजे वीस हजार रुपये. दोन्ही बाजूंचे रुपये केले की डोळे उघडतात.

काही वेळा जादा पॉइंटचं कूपन असतं, एखाद्या वस्तूवर पाचपट, दहापट. ती वस्तू आपल्याला लागणारच असेल तर जरूर वापरावं. पण आधी शेल्फवरची चिठ्ठी बघायची. जर्मनीत दुकानदाराला मोठ्या आकड्यातल्या किमतीबरोबर किलोमागे किंवा लिटरमागे भाव किती, हेही लिहावं लागतं. त्याला ‘ग्रुंट-प्राइस’ म्हणतात. अक्षरं बारीक असतात, पण खरा भाव तिथे कळतो. दुकानाचा स्वतःचा साधा माल आणि जाहिरातीतला नावाजलेला माल यांचा ग्रुंट-प्राइस शेजारी शेजारी ठेवून बघा. पॉइंटपेक्षा त्या फरकात जास्त पैसे वाचतात.

किंमत लिहिताना ते टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. २,४९ म्हणजे दोन युरो एकोणपन्नास सेंट. दोनशे एकोणपन्नास नव्हेत, घाबरू नका.

ही पद्धत आली कुठून?

गिऱ्हाईक आपल्याकडेच यावं म्हणून दुकानदार काही ना काही देणार, हे सगळीकडे सारखंच. जर्मनीत पूर्वी दुकानदार छोटी तिकिटं द्यायचे. बाया ती घरी नेऊन वहीत चिकटवायच्या आणि वही भरली की दुकानदाराकडून पैसे घ्यायच्या. १९३३ साली तिथे सवलतींचा कायदा झाला. रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त तीन टक्के सूट, त्यावर नाही. म्हणजे ५० मार्कांच्या खरेदीवर फार तर दीड मार्क. (मार्क हे तेव्हाचं त्यांचं नाणं.) तो कायदा २००१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर कार्डं, कूपनं आणि आता ॲप यांचा सुळसुळाट झाला.

तिकिटांच्या वहीत आणि आजच्या ॲपमध्ये एक मोठा फरक आहे. वही घरातल्या डब्यात असायची. तुम्ही काय घेतलं, कधी घेतलं, हे तिला कळत नव्हतं. ॲपला कळतं.

फुकट म्हणजे कितपत फुकट?

‘कोस्टन-लोस’ म्हणजे पैसे लागत नाहीत. पण नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल द्यावा लागतो आणि पुढे प्रत्येक खरेदीची नोंद होते. याच मुद्द्यावर तिकडे कोर्टात वाद झाला. ‘लिडल’ या दुकानाचं ॲप फुकट म्हणायचं की नाही, यासाठी तिथल्या ग्राहक केंद्रांच्या महासंघाने दावा लावला. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक पैशांऐवजी स्वतःची माहिती देतं, मग ते फुकट कसं? २०२५ मध्ये श्टुटगार्टच्या वरिष्ठ न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला : किंमत म्हणजे पैसे, आणि पैसे घेत नाहीत म्हणून फुकट म्हणायला हरकत नाही.

निकाल काही लागो, आपल्याला व्यवहार कळला पाहिजे. माहिती देऊन सवलत घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. काही दुकानांत ॲपवाल्यांना एक भाव आणि बाकीच्यांना दुसरा असतो, तेव्हा नियमित जाणाऱ्याला ॲप परवडूही शकतं. फक्त फॉर्म भरताना जाहिरात पाठवायची परवानगी मागणारा चौकोन वेगळा असतो. त्यावर खूण करायची सक्ती नसते. ‘डाटन-शुट्स’ हा शब्द दिसला की समजायचं, आपल्या माहितीचं काय करणार ते इथे लिहिलंय.

अडचण आली तर तिकडे प्रत्येक राज्यात ‘फरब्राउखर-त्सेंट्रालऽ’ म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र असतं. हे नाव मुलीच्या वहीत लिहून द्या.

बक्षीस नव्हे, आपलेच पैसे

पॉइंटच्या नादात जी गोष्ट विसरते ती ‘प्फान्ट’. पाण्याची, शीतपेयाची प्लास्टिकची बाटली किंवा डबा घेतला की बहुतेक वेळा त्यावर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते. ती काउंटरवर दिली की पैसे परत. मशीन कुठे आहे ते विचारायचं : ‘वो कान इश प्फान्ट आप-गेबन?’ – बाटल्या कुठे परत द्यायच्या? बाटली चेपायची नाही, वरचं लेबल फाडायचं नाही, नाहीतर मशीन ती घेत नाही.

हिशेब बघा. चार बाटल्या म्हणजे १ युरो. २०० युरोच्या किराण्यावर जेवढे पॉइंट मिळतात तेवढेच पैसे चार रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या की गेले.

पाटीवरचे शब्द

आन-गेबोट – ऑफर
राबाट – सूट
गूट-शाइन – बक्षीस किंवा भेटीची चिठ्ठी, पैशांसारखी वापरता येते
ग्राटिस – फुकट
ग्युल्टिश बिस – या तारखेपर्यंत चालेल
नूअर मिट ॲप – फक्त ॲप असेल तर
आप त्स्वान्त्सिश ऑयरो – वीस युरोपासून पुढे
यातला ‘आप’ फार महत्त्वाचा. पाटीवर मोठ्या अक्षरात सूट आणि बारीक अक्षरात ‘आप’ असतं. तेवढी खरेदी झाली तरच सूट.

सराव : दोघींनी मिळून वाचा

काउंटरवाली : हालो! ज़ामल्न ज़ी पुंक्टऽ? (पॉइंट जमवता का?)
गिऱ्हाईक : नोख निश्ट. इस्ट डी कार्टऽ कोस्टन-लोस? (अजून नाही. कार्ड फुकट आहे का?)
काउंटरवाली : या, कोस्टन-लोस. (हो, फुकट.)
गिऱ्हाईक : वी फीलऽ पुंक्टऽ बकोमऽ इश? (किती पॉइंट मिळतील?)
काउंटरवाली : आइनन पुंक्ट फ्यूर त्स्वाइ ऑयरो. (दोन युरोला एक.)
गिऱ्हाईक : डांकऽ, इश यूबर-लेगऽ एस मिअर. डेन कासन-बाँग, बिटऽ. (धन्यवाद, विचार करून सांगते. पावती द्या.)
काउंटरवाली : गेर्नऽ. श्योनन टाग नोख! (देते. दिवस छान जावो!)
गिऱ्हाईक : डांकऽ, ग्लाइश-फाल्स! (तुमचाही!)

जर्मनीत २०२० पासून दुकानदाराला छापील किंवा डिजिटल पावती तयार करून द्यावीच लागते. त्यामुळे मागायला लाजायचं कारण नाही. पॉइंट बरोबर पडले का, ॲपचा भाव लागला का, हे पावतीवरच कळतं.

पुढच्या बैठकीसाठी

१. चाळीस युरोची खरेदी झाली, दोन युरोला एक पॉइंट. किती सेंट सुटले?

२. समजा एक शाम्पू १,९५ युरोचा, त्यावर पॉइंट नाहीत. दुसरा तेवढाच शाम्पू ३,९५ युरोचा, त्यावर २० पॉइंट. कोणता घ्याल? किती सेंटचा फरक?

३. ‘कार्टऽ’ शब्द कोणत्या दोन प्रश्नांत येतो? दोन्हींचा अर्थ सांगा.

(उत्तरं : १. वीस सेंट. २. पहिला. दुसरा पॉइंट धरून ३,७५ ला पडतो, म्हणजे १८० सेंट जास्त. ३. ग्राहक-कार्ड आहे का, आणि पैसे रोख देणार की कार्डाने.)

ज्यांच्या घरातलं कुणी जर्मनीला निघालंय, त्यांनी ही बारा वाक्यं मोबाइलवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. वाचता येणाऱ्या मैत्रिणीने वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. आईने म्हटलेलं ‘इश यूबर-लेगऽ एस मिअर’ पोरीच्या कानात राहिलं, तर परक्या देशातही ती घाईत कुठे सही करणार नाही.